कॅमेरा बदलायचाय? आधी बिघडलेले फोटो उघडा

गणपती जवळ आले की "कॅननचा १५००डी आहे, सोबत आलेली किट लेन्स आहे, मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवर जाऊ का" हे विचारणं सुरू होतं आणि दसरा-दिवाळीच्या ऑफर लागल्या की त्याला ईएमआयचं शेपूट फुटतं. विचारणाऱ्याला बऱ्याचदा "घे रे बिनधास्त" एवढंच ऐकायचं असतं हे मला माहितीये, पण ज्यांना खरंच ठरवायचंय, ज्यांच्याकडे एक बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आणि एक-दोन लेन्स आहेत आणि दोन-तीन वर्षं वापरून आता हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं साधं आहे. नवीन बॉडीने काही ठराविक प्रकारचे बिघडलेले फोटोच सुधारतात, आणि तुमचे कुठल्या प्रकारचे बिघडतायत हे तुम्ही बघितलंच नसेल तर तुम्ही अंधारात पैसे फेकताय.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिली तरी चालेल, पण लिहाच. "फोटो भारी येत नाहीत" ही तक्रार झाली नाही. "चिंचपोकळीला आगमनाच्या गर्दीत रात्री ताशेवाल्याचे हात पार पुसट येतात" ही तक्रार झाली. "भांडुप पंपिंगला खंड्या उडाला की फोकस मागच्या झाडीवर जातो", "रील करताना मी पुढे आलो की कॅमेरा फोकस शोधत बसतो", "शिवाजी मंदिरला प्रयोग शूट करताना शटरच्या खटखटीने पहिल्या रांगेतले लोक वळून बघतात", असं काहीतरी नेमकं लिहा. जागा, वेळ, काय शूट करत होतात आणि काय बिघडलं, सगळं त्यात आलं पाहिजे. असं एकही वाक्य सुचत नसेल तर पुढचं वाचून फक्त करमणूक होईल, कॅमेरा आहे तो ठेवा.

पायरी २: बिघडलेले फोटो बाहेर काढा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच कोणी करत नाही. सगळे आपले चांगले फोटो बघून ठरवतात की कॅमेरा कमी पडतोय, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचे चांगले फोटो बघून. तुम्ही उलटं करा, गेल्या वर्षभरातले जे फोटो तुम्ही टाकून दिलेत किंवा देणार होतात ते लॅपटॉपवर १०० टक्के झूम करून बघा आणि प्रत्येकाला कारण द्या. सोबत आयएसओ (कॅमेऱ्याने फोटो किती उजळवला), शटर (सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं) आणि किती एमएमवर (लेन्स किती झूम होती) काढलाय तेही बघा, लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररी फिल्टरच्या मेटाडेटात हे सगळं छाटून बघता येतं, नाहीतर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये असतंच.

पुसटपणाचे प्रकार ओळखायला शिका कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. अख्खा फोटो हलल्यासारखा दिसतो आणि लायटिंगच्या प्रत्येक बल्बची एकसारखी वेलांटी झालीये, म्हणजे तुमचा हात हलला. मागची कमान, बॅनर कडक शार्प आहे पण माणूस तेवढा पुसट, म्हणजे शटर कमी पडलं आणि माणूस हलला. चेहरा मऊ आहे पण त्याच्या मागच्याच्या शर्टाची शिलाई मोजता येते, म्हणजे फोकस चुकला. आणि सगळं जागच्या जागी आहे पण रवा सांडल्यासारखे दाणे दिसतायत, तर तो नॉइज.

आता यातला दुसरा प्रकार बघा, माणूस हलला तो. इथे लोक हमखास फसतात, कारण दुकानात सांगतात की नवीन बॉडीत सेन्सरच स्टॅबिलाइज्ड आहे, पाच-सहा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो फायदा खरा आहे पण तो तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आहे, समोर ढोल वाजवणाऱ्याला कॅमेऱ्यातलं कुठलंच स्टॅबिलायझेशन थांबवू शकत नाही. त्याला लागतं १/५०० च्या आसपास शटर, आणि त्यासाठी लागतो जास्त उजेड किंवा जास्त आयएसओ, बस. मरीन ड्राइव्हला रात्री ट्रायपॉडशिवाय स्थिर इमारती काढत असाल तर मात्र तेच स्टॅबिलायझेशन सोन्यासारखं.

अजून एक प्रकार मुंबईकरांच्या खास ओळखीचा, शिवडीचे फ्लेमिंगो. लांबवर गुलाबी ठिपके, क्रॉप केला की चिखल. इथे बॉडीचा दोष जवळपास शून्य. एक तर अंतर, त्यासाठी ४०० एमएम आणि पुढचंच काहीतरी लागतं, आणि दुसरं म्हणजे दुपारच्या उन्हात तापलेल्या चिखलावरून हवा थरथरत असते, त्यातून लाखाची लेन्स लावली तरी मऊच येणार. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून, पाणी चढत असताना आणि ऊन कोवळं असताना गेलात तर पक्षी काठाजवळ असतात आणि हवाही स्वच्छ असते, याला पैसे लागत नाहीत.

सगळ्या फोटोंना कारणं देऊन झाली की एक-दोन कारणांचाच ढीग मोठा झालेला दिसेल. पायरी १ च्या वाक्याशी तो जुळतोय का बघा. बऱ्याच जणांचा जुळत नाही, तक्रार लिहिलेली असते नॉइजची आणि ढीग निघतो फोकस चुकल्याचा.

पायरी ३: फुकटात जे होतंय ते आधी करा

एक महिना द्या याला. रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, जेपेगमध्ये नको. हलणाऱ्या माणसांसाठी टीव्ही मोड म्हणजे शटर प्रायोरिटी, १/२५० किंवा १/५०० लावा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. आयएसओ ६४०० ची भीती घालवा, कारण आयएसओ कमी ठेवून काळाकुट्ट फोटो काढायचा आणि मग घरी येऊन उजळवायचा तर १५००डीसारख्या बॉडीत तो आधीच आयएसओ वाढवून काढलेल्यापेक्षा जास्त घाण दिसतो. लाइटरूममध्ये २०२३ पासून जो एआय डिनॉइज आलाय तो रॉ फाइलवर एवढं चांगलं काम करतो की जुन्या बॉडीचं आयुष्य वाढलंय असं मी बिनधास्त म्हणेन.

फोकसचं म्हणाल तर १५००डीला एकूण ९ पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप आहे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा. अंधारात सगळे ९ पॉइंट चालू ठेवून कॅमेऱ्याला निवडायला सांगितलं की तो बाप्पा सोडून समोरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर फोकस करणार. मधला एकच पॉइंट निवडा, हलणारं काही असेल तर एआय सर्व्हो, म्हणजे सतत फोकस बदलत राहणारा मोड लावा.

आणि तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा हो! मंडपाच्या लायटिंगचे जे हिरवट भुतासारखे ठिपके आकाशात येतात ते बऱ्याचदा त्याचेच असतात. समुद्रावर जाऊन आलात की लेन्सच्या काचेवर खाऱ्या हवेचा थर बसतो, तोही पुसा, ब्लोअर मारून मग मायक्रोफायबरने, बनियनने नाही.

पायरी ४: उजेडाचा हिशोब

ढीग नॉइजचा किंवा कमी शटरचाच निघाला, तर हा हिशोब कागदावर मांडा. किट लेन्स ५० एमएमच्या आसपास एफ ५.६ असते (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त). एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, त्याच जागी जवळपास दहापट उजेड आत घेते, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६५० च्या आसपास भागतं. आता बॉडीचं बघा. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, १५००डीसारख्या कॅननचा छोटा म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९, क्षेत्रफळात अडीचपट फरक. म्हणजे त्याच एफ नंबरला फुलफ्रेमचा फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास, आणि प्राइमचा तीन स्टॉपच्या वर. कॅनन किंवा निकॉनची ५० एमएम एफ १.८ ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्समधली एक, आणि फुलफ्रेम बॉडीची किंमत तुम्हाला तोंडपाठ असेलच.

पण थांबा, ५० एमएम डोळे झाकून घेऊ नका, कारण क्रॉप बॉडीवर तो ८० एमएमसारखा वागतो आणि लालबागच्या गर्दीत मागे सरकायला जागाच नसते, नुसते नाक-डोळे येतात फ्रेममध्ये. पायरी २ मध्ये एमएम बघायला सांगितलं ते याच्यासाठी. तुमचे बरेचसे फोटो ५० च्या आसपासचे असतील तर ५०, ३० च्या आसपासचे असतील तर निकॉनवाल्यांना ३५ एमएम एफ १.८ डीएक्स मस्त आहे, कॅननवाल्यांनी सिग्माचा ३० एमएम एफ १.४ बघावा, आणि बदलत राहायचं असेल तर सिग्माचा १७-५० एफ २.८ जुन्यात मिळतो. कॅननचा २४ एमएम एफ २.८ छोटा आणि गोड आहे पण उजेडाच्या बाबतीत किट लेन्सपेक्षा एखाद स्टॉपचाच फरक, तो खिशात मावतो म्हणून घ्या, अंधारासाठी नको. एक सांगून ठेवतो, एफ १.८ ला एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ असं होऊ शकतं, ग्रुप फोटोला एफ ४ वर जावंच लागतं.

पायरी ५: बॉडी बदलूनच सुटणारे प्रॉब्लेम

असतात, नक्की असतात, आणि ज्यांचा ढीग यातला निघाला त्यांनी वर्षानुवर्षं "गिअरने काही होत नाही" वगैरे ऐकून स्वतःला दोष देत बसू नये.

उडणारा पक्षी, पळणारं पोर, कुत्रा. नवीन मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात (१५००डी हा आरसावाला डीएसएलआर), डोळा ओळखून त्याच्या मागे जाणारा ऑटोफोकस आहे आणि ९ पॉइंटच्या कॅमेऱ्याशी त्याची तुलनाच होत नाही. फक्त पक्ष्याचा डोळा ओळखतो की नुसता माणसाचा, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, ते नीट विचारून घ्या.

नाटक, शास्त्रीय मैफल. परवानगी घेऊन शूट करत असाल तरी शांत प्रसंगात आरशाची खटखट नकोशी होते, मिररलेसमध्ये सायलेंट शटर लावलं की आवाज बंद. इथे एक मेख आहे, इलेक्ट्रॉनिक शटरला स्टेजवरच्या एलईडी लाइटखाली फोटोत काळे पट्टे येऊ शकतात, कारण सेन्सर ओळी-ओळीने वाचला जातो आणि लाइट मधल्या मध्ये लुकलुकत असतो. त्यामुळे नाटकवाल्यांनी पायरी ७ चुकवू नये.

व्हिडिओ. १५००डी फुल एचडीच काढतो आणि त्याच्या लाइव्ह व्ह्यूला (स्क्रीनवर बघून काढताना) ड्युअल पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरूनच झटपट होणारा ऑटोफोकस नाही, म्हणून तो फोकस शोधत बसतो. २००डी मार्क २ ला ४के आहे पण ते भरपूर क्रॉप होऊन येतं आणि ड्युअल पिक्सेल तेव्हा बंद. रील आणि व्लॉग हेच तुमचं मुख्य काम असेल तर कॅनन आर५० किंवा सोनी झेडव्ही-ई१० सारखी क्रॉप मिररलेस खरोखर वेगळं जग आहे, फुलफ्रेमपर्यंत जायची गरजच नाही.

लग्नाची कामं पैसे घेऊन करणार असाल तर दोन कार्ड स्लॉट, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी फोटो दुसऱ्यावर राहतात. माझ्या मते याच्यावर चर्चा नको. मुंडावळ्या पुन्हा बांधून सप्तपदी पुन्हा होत नाही. गंमत म्हणजे कॅनन आर८ फुलफ्रेम असूनही त्याला एकच स्लॉट आहे, आणि निकॉन झेड५ ला दोन.

मेगापिक्सेलसाठी म्हणून मात्र बदलू नका. इन्स्टाची ४:५ ची पोस्ट १०८० बाय १३५० म्हणजे दीड मेगापिक्सेलसुद्धा नाही, १२ बाय १८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला साडेएकोणीस लागतात, आणि तुमच्या १५००डीला २४ आहेत.

"डीएसएलआर बंद होतायत म्हणून" हे कारणही अर्धवट आहे. कॅनन आणि निकॉनच्या शेवटच्या नवीन डीएसएलआर २०२० मध्ये आल्या हे खरंय, पण तुमच्या हातातली त्यामुळे बंद पडत नाही, उलट लोक सिस्टिम बदलतायत म्हणून जुन्या लेन्स स्वस्तात सुटतायत.

पायरी ६: खरा खर्च लिहा

बॉडीच्या किमतीखाली रेघ मारू नका, खाली लिहीत जा. अ‍ॅडॅप्टर. तो लावून जुन्या लेन्स नवीन बॉडीवर चालतील का, आणि कशा चालतील. कॅननच्या ईएफ-एस (क्रॉप बॉडीसाठीच्या) लेन्स अ‍ॅडॅप्टरने आर८ ला लागतात पण कॅमेरा आपोआप क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४ चे साडेनऊच्या आसपास मेगापिक्सेल उरतात, म्हणजे फुलफ्रेमचे पैसे देऊन तुम्ही होतात त्याच्या मागे गेलात. निकॉनच्या जुन्या स्क्रू ड्राइव्हवाल्या एएफ-डी लेन्सना एफटीझेड या निकॉनच्या अॅडॅप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही. मग फुलफ्रेमच्या लेन्स लिहा, जास्तीची बॅटरी (मिररलेस बॅटरी खातो), फास्ट कार्ड, हार्ड डिस्क. आणि लॅपटॉप! १०-बिट ४के व्हिडिओ टाइमलाइनवर टाकला की जुना लॅपटॉप मान टाकतो आणि मग कॅमेऱ्याच्या मागोमाग तोही बदलावा लागतो, हे घरी आधी सांगितलेलं बरं.

वजनसुद्धा लिहा. सकाळच्या विरार फास्टमध्ये जी बॅग नेववत नाही ती घरीच राहते, आणि फुलफ्रेमची एफ २.८ झूम लावल्यावर मिररलेस काही हलका राहत नाही.

मुंबईत अजून एक खर्च आहे, हवेचा. जून ते सप्टेंबर ही हवा म्हणजे लेन्समधल्या बुरशीची मेजवानी. ड्राय कॅबिनेट ४०-५० टक्के ह्युमिडिटीला लावून ठेवणं उत्तम, नाहीतर एअरटाइट डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटं ह्युमिडिटी मीटर. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत चार महिने बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. नवीन सामान घेणार आणि ते कपाटात साड्यांच्या वर ठेवणार असाल तर आधी डबा घ्या.

पायरी ७: भाड्याने आणा

आपल्या शहराचा हा फायदा कोणी वापरतच नाही. शूटिंगच्या धंद्यामुळे अंधेरीच्या बाजूला कॅमेरे भाड्याने देणारे भरपूर आहेत, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कधी डिपॉझिट घेतात. शनिवार-रविवार जो घ्यायचाय तोच कॅमेरा आणा आणि पायरी १ च्या वाक्यात जी जागा लिहिलीत तिथेच, त्याच वेळेला जा, घराच्या बाल्कनीतून मांजराचे फोटो काढून परत देऊ नका. जुना कॅमेरा पण सोबत न्या, शक्य असेल तर चांगली लेन्स लावून, कारण सामना "नवीन बॉडी विरुद्ध जुनी बॉडी अधिक नवीन लेन्स" असा झाला पाहिजे.

घरी आल्यावर दोन्ही फोटो एकाच साइजला बघा, ज्या साइजला तुम्ही खरंच वापरता त्या. नावं झाकून घरातल्या कोणाला तरी दाखवा आणि कुठला चांगला विचारा. बायको किंवा आई जर "दोन्ही सारखेच तर आहेत" म्हणाली तर तिथल्या तिथे निकाल लागला.

पायरी ८: घ्यायचं ठरलंच तर

जुन्यात घेत असाल तर फोर्टात दोन-चार दुकानं फिरा, ओएलएक्सवर भेटून घेत असाल तर दिवसाउजेडी आणि माणसांच्या जागी भेटा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत ते बघा, निकॉनमध्ये तो फोटोच्या एक्झिफमध्येच (फाइलमधल्या माहितीत) सापडतो, कॅननच्या बऱ्याच बॉडीत सापडत नाही आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एन्ट्री लेव्हल बॉडी साधारण १ लाख क्लिकच्या हिशोबाने बनवतात, त्यामुळे ८०-९० हजार क्लिक झालेली असेल तर किंमत तशीच पाडून मागा. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, "साफ करून देतो" म्हणाले तरी सोडून द्या. एफ १६ ला पांढऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. सगळी बटणं, कार्डचं दार, हॉटशू (फ्लॅश लावायची खाच), चार्जिंग पोर्ट. आणि ओरिजिनल बिल, त्यावरचा सिरियल नंबर बॉडीच्या खालच्या नंबरशी जुळवून.

नवीन घेताना दर खूपच कमी सांगितला तर सरळ विचारा, इंडिया वॉरंटी आहे का, पक्कं जीएसटी बिल मिळेल का. "वॉरंटी आम्ही देतो" म्हणजे कंपनीची नाही. व्यवसायासाठी घेताय आणि जीएसटी नंबर आहे तर बिलावर तो टाकून घ्या, कॅमेऱ्यावरचा १८ टक्के टॅक्स क्रेडिटमध्ये बसू शकतो, तुमच्या सीएला विचारा.

जुनी बॉडी एक्सचेंजमध्ये टाकायच्या आधी तिचा बाहेरचा भाव काढा, दोन्हींत फरक असतो, आणि भावच फार थोडा येत असेल तर बॉडी ठेवून द्या, पावसात किंवा रंगपंचमीला न्यायला एक बिनकाळजीची बॉडी लागतेच. नवीन आणल्यावर पहिल्याच आठवड्यात दणकून वापरा, दोन्ही स्लॉट, व्हिडिओ, वायफाय, सगळं, कारण बदलून मिळायची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्याच दिवसांची असते आणि डबा सणाच्या मुहूर्ताला उघडायचा म्हणून ठेवला तर ती तशीच निघून जाते. बिलाचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, थर्मल पेपरवरचं बिल वर्षभरात कोरं होतं.